२०० चा प्लॅन नंतर बघू, आधी पोटमाळ्यावरचा डबा बाहेर काढा

प्रश्न : दादा नमस्कार. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. घर जुनं आहे, खाली सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागच्या बाजूला वर दोन स्लॅबच्या खोल्या नंतर चढवल्यात. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरूनच करते, वरच्या मागच्या खोलीत बसून. फायबरचा १०० चा प्लॅन आहे पण माझ्या खोलीत टेस्ट केली की ६-७ च्या वर जात नाही आणि संध्याकाळच्या मीटिंगमध्ये तर आवाज इतका तुटतो की समोरचे वैतागतात. मिस्टर म्हणतात डब्याजवळ बसून डाऊनलोड लावलं तरी ५ च दाखवतं, म्हणजे १०० मधले ५? नेटवाल्याला फोन केला की त्याचं एकच, मॅडम आमच्याकडनं फुल्ल येतंय, तुम्ही २०० चा घ्या. २०१९ च्या पुरात खालचं सगळं पाण्यात गेलं, तेव्हापासून इन्व्हर्टर आणि नेटचा डबा आम्ही पोटमाळ्यावर हलवलाय. सासरे म्हणतात आधी १०० तर येऊ देत मग २०० चं बघू. काय करू, २०० घेऊ, बूस्टर लावू का कंपनीच बदलू?

उत्तर : ताई, सासऱ्यांचं ऐका. घरात एकटा तोच माणूस पॉइंटाचं बोललाय.

तुमच्या घराला एका वेळी किती नेट लागतं त्याचा हिशोब आधी करू. तुमची व्हिडिओ मीटिंग चांगल्या क्वालिटीत धरली तरी ३-४ एमबीपीएस (सेकंदाला किती मेगाबिट, तुमच्या १०० च्या प्लॅनचं तेच माप). घरात पोरांचा ऑनलाइन क्लास वगैरे असेल तर अजून तेवढेच. सासरे यूट्यूबवर कीर्तन लावून बसले तर एचडीला ५ धरा, आणि मिस्टरांनी मोठ्या टीव्हीवर फोरके पिक्चर लावला तर त्याला १५ ते २०. सगळे एकाच टायमाला बसले तरी पस्तीसच्या वर जात नाही. म्हणजे १०० मधले साठ-पासष्ट नुसते पडून राहणार, आणि नेटवाला सांगतोय अजून १०० घ्या. दुखणं रेड्याला नि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय. तुमच्या खोलीत ६ येतायत कारण उरलेले वाटेत कुठंतरी सांडतायत, २०० घेतला तर तुमच्या खोलीत तेच ६-७ येणार आणि बिल तेवढं वाढणार.

मिस्टरांच्या ५ चं पण सांगून टाकतो. प्लॅन मोजतात बिटमध्ये आणि डाऊनलोड दाखवतं बाइटमध्ये, एका बाइटात ८ बिट, म्हणजे त्यांचे ५ हे प्लॅनच्या भाषेत ४० झाले. १०० च्या प्लॅनला तिथं साधारण १२ दिसायला हवेत. आता गंमत बघा, डब्याच्या शेजारी बसून बरोब्बर ४० च्या आसपास अडकणं हे लक्षण आहे, आणि मला त्यावरनं जवळजवळ खात्री वाटतीये की तुमचा डबा जुन्या पद्धतीचा, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा आहे. ते पुढं येतंच.

पण अंदाजानं खर्च करायचा नाही, आधी मोजायचं. नेट तुमच्यापर्यंत दोन टप्प्यात येतं, खांबावरनं डब्यापर्यंत काचेच्या तारेनं आणि डब्यापासनं तुमच्या लॅपटॉपपर्यंत हवेतनं. कुठला टप्पा आजारी आहे हे कळल्याशिवाय नेटवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही, कारण तो "आमच्याकडनं फुल्ल येतंय" म्हणतो ते खरं पण असू शकतं.

तर एक लॅन केबल आणा, घरात नसेल तर कुणाचीतरी मागून आणा, एका दिवसाचंच काम आहे. लॅपटॉप घेऊन पोटमाळ्यावर चढा, डब्याच्या मागच्या लॅन पोर्टात एक टोक, लॅपटॉपमध्ये दुसरं टोक, लॅपटॉपचं वायफाय बंद करा (हे लोक विसरतात आणि मग वायफायचीच टेस्ट करून केबलला शिव्या घालतात) आणि घरातल्या बाकीच्या सगळ्यांच्या मोबाईलचं वायफाय पण तेवढ्यापुरतं बंद करायला लावा. आता टेस्ट करा. एकाच साइटवर नको, स्पीडटेस्टवर एकदा आणि फास्ट डॉट कॉमवर एकदा, कारण स्पीडटेस्ट बऱ्याचदा तुमच्या नेटवाल्याच्याच किंवा त्याच्या शेजारच्या सर्व्हरवर मोजतं आणि तिथं आकडा छानच येतो, फास्ट हे नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरनं मोजतं त्यामुळं बाहेरच्या जगाचं चित्र जरा खरं मिळतं. हेच एकदा सकाळी लवकर करायचं आणि एकदा रात्री नऊ-दहाला. चारही आकडे वहीत लिहून ठेवा, स्क्रीनशॉट काढा. बारीक लॅपटॉपला लॅनचं भोक नसतं, त्याला यूएसबीचा अडॅप्टर मिळतो.

केबलवर ९०-९५ आले तर बाहेरचा टप्पा ठणठणीत आहे, नेटवाला खोटं बोलत नाही आणि लफडं घरातच आहे. पूर्ण १०० का नाही असं विचारू नका, नेट छोट्या छोट्या पाकिटांत बांधून येतं, थोडं त्या पाकिटांच्या वेष्टनातच जातं.

इथंच एक गोष्ट बघून घ्या जी नेटवाला तुम्हाला कधीच सांगणार नाही. विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये इथरनेटवर गेलात की लिंक स्पीड लिहिलेला असतो, तिथं १००/१०० आहे का १०००/१००० ते बघा. कनेक्शनसोबत फुकट मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त डब्यांना १०० वालंच पोर्ट असतं, आणि १०० वाल्या पोर्टातनं तुम्ही २०० चा काय ५०० चा प्लॅन घेतला तरी ९५ च्या वर एक थेंब येत नाही. कधीकधी पोर्ट चांगलं असतं पण केबल मारणाऱ्या पोरानं आठातल्या चारच तारा पिनेत बसवलेल्या असतात, तरी पण १०० लाच अडकतं. म्हणजे डबा न बदलता २०० घेतला असता तर केबलवर एकही आकडा वाढला नसता, नुसती पावती मोठी आली असती.

आता पोटमाळा. तुमचं पत्र वाचताना मी तिथंच थांबलो. पुरानंतर गावभागातल्या घरांनी मीटर, इन्व्हर्टर, फ्रीजसुद्धा वर चढवले, त्यात चूक काहीच नाही, २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं ज्यानं बघितलंय तो खाली काय ठेवायला धजणार. पण उंचावर ठेवणं वेगळं आणि कोंडून ठेवणं वेगळं. पोटमाळ्यावर काय काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको, पत्र्याच्या दोन पेट्या, त्यावर गाद्या, लग्नात आलेली पितळेची पातेली, तांब्याचा बंब, जुना लोखंडी पाळणा आणि कोपऱ्यात बॅटरीला टेकून हिरवे दिवे लुकलुकणारा बिचारा डबा. वायफायच्या लहरींचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे धातू, पत्र्याची पेटी समोर आली की लहर तिथनंच माघारी फिरते. त्याच्या पुढं तुमच्या माजघराची भिंत, जुन्या घरातली म्हणजे दीड-दोन फूट जाड असणारच, आणि ती पार करून जे काय उरेल ते मागच्या खोल्यांच्या स्लॅबला जाऊन धडकतं, स्लॅबमध्ये सळ्यांची जाळी. एवढं सगळं करून तुमच्या खोलीत ६ एमबीपीएस पोचतात याचंच मला कौतुक वाटतं.

दुसरं, उन्हाळा. वर पत्रा किंवा कौलं असतील तर एप्रिल-मेमध्ये दुपारी पोटमाळ्यात हात घालवत नाही, त्यात इन्व्हर्टर स्वतःची गरमी सोडतो. डबा तापला की अडखळतो, मधेच अडकतो, रिस्टार्ट केला की तासभर बरा चालतो. तुमच्याकडं जर "बंद करून चालू केलं की बरं चालतं" असा प्रकार रोज होत असेल तर तो एक तर गरमीचा आहे नाहीतर त्या छोट्या काळ्या अडॅप्टरचा, तो जुना झाला की पुरेसा करंट देत नाही. अडॅप्टर बदलून बघायला फार पैसे लागत नाहीत, फक्त व्होल्ट तेवढेच आणि अँपियर तेवढे किंवा जास्त असलेला घ्यायचा.

तेव्हा डबा वरच राहू दे पण पोटमाळ्याच्या बाहेर आणा. माझ्या मते तुमच्या घरात सगळ्यात चांगली जागा म्हणजे जिना वर संपतो तिथली मोकळी भिंत, छातीच्या उंचीच्या वर, आजूबाजूला लोखंडी कपाट किंवा मोठा आरसा नको (आरशाच्या मागं पण चकचकीत थर असतो, तो पण लहरी परतवतो). जिन्याच्या पोकळीतनं खाली सोप्यात पण बऱ्यापैकी पोचेल आणि वरच्या खोल्या तर शेजारीच. पुराचं पाणी तिथं आलं तर मग नेट हा आपला प्रश्नच राहिलेला नसेल.

डबा हलवायचं काम मात्र नेटवाल्याच्याच पोराला करू द्या. ती पिवळी किंवा काळी बारीक तार काचेची असते, तुम्ही खिळ्यावरनं काटकोनात वाकवली किंवा पेटीखाली दाबली की आतला उजेड गळायला लागतो, बाहेरनं तार धडधाकट दिसते आणि स्पीडचे बारा वाजलेले असतात. तो आला की त्याला एक प्रश्न विचारा, "पॉवर किती येतीये?" म्हणजे तारेतनं येणाऱ्या उजेडाची ताकद. त्याच्याकडं हातात मावणारं मीटर असतं, त्यावर उणे आकडा दिसतो. उणे १५ ते उणे २५ च्या मधे असला तर निवांत, उणे २७ च्या पुढं गेला तर समजायचं कुठंतरी जोड ढिला आहे, पिनेवर धूळ आहे नाहीतर तार दुमडलीये. पिनेचा रंग पण बघा, हिरवी पीन हिरव्या भोकात आणि निळी निळ्यात, दोघींची तोंडं वेगळ्या पद्धतीनं घासलेली असतात, घाईघाईत हिरवी निळीत खुपसून गेलेले महाभाग आहेत आणि तसं चालतं पण अर्धामुर्धा. हा एक प्रश्न विचारलात ना की समोरच्याचा बोलायचा सूर बदलतो, मॅडमला कळतंय म्हणून जरा नीट काम होतं.

डब्याच्या जोडीला वायफाय देणारा वेगळा राउटर घ्यायचा का? हो, आणि २०० च्या प्लॅनला जे जादा पैसे देणार होता ते इथं घाला. मोबाईलच्या वायफायच्या यादीत तुमच्या घरचं नाव एकदाच दिसतं का दोनदा ते बघा, दुसऱ्याच्या शेपटीला बऱ्याचदा ५जी असं लावलेलं असतं. (ते ५जी म्हणजे मोबाईलचं ५जी नव्हे, ५ गिगाहर्ट्झ, नावात घोळ आहे पण आपण काय करणार.) एकच दिसलं तर बहुतेक डबा फक्त २.४ वाला आहे. २.४ ची लहर लांब जाते, भिंती जरा बऱ्या ओलांडते, पण रस्ता अरुंद आणि गर्दी प्रचंड, कारण गावभागात घराला घर लागून, तुम्ही वायफाय चालू केलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांची यादी संपता संपत नाही, ते सगळे त्याच रस्त्यावर, त्यात ब्लूटूथ पण तिथंच आणि मायक्रोवेव्ह चालू केला तर तो पण तिथंच गोंधळ घालतो. साध्या मोबाईलला २.४ वर कागदावर ७२ ची जोडणी मिळते आणि हातात पडतात चाळीस-पन्नास, मिस्टरांचे ४० ते हेच. ५ गिगाहर्ट्झवर रस्ता रुंद, गर्दी कमी, १०० आरामात मिळतात, फक्त जाड भिंत आली की त्या लहरीचा जीव जातो. म्हणून नुसता ५ वाला भारी राउटर आणून पोटमाळ्यावर ठेवला तर तुमच्या खोलीत पूर्वी ६ तरी यायचे, आता ५ ची रेंजच येणार नाही आणि फोन गुपचूप परत २.४ वर जाऊन बसेल.

साधा ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्ही देणारा), गिगाबिट म्हणजे १००० च्या पोर्टवाला राउटर दोन-तीन हजारात मिळतो, तुमच्या घराला तेवढा पुष्कळ झाला, सहा शिंगांचा काळा खेकडा घ्यायची गरज नाही. लावल्यावर २.४ आणि ५ ला वेगवेगळी नावं द्या. लॅपटॉप, चांगले मोबाईल, टीव्ही ५ वर. स्मार्ट बल्ब, कॅमेरा, जुना मोबाईल २.४ वर. २.४ चा चॅनल, म्हणजे त्या रस्त्यावरची तुमची पट्टी, ऑटोवर सोडू नका, १, ६ किंवा ११ यातला जो कमी गर्दीचा दिसेल तो (मोबाईलवर वायफाय ॲनालायझर टाकलं की दिसतं) आणि विड्थ, म्हणजे त्या पट्टीची रुंदी, २० वर ठेवा, ४० केली की कागदावर आकडा वाढतो पण शेजाऱ्यांच्यात जास्त अडकायला होतं.

आता तुमच्या बूस्टरचा विषय. नको. बाजारात सॉकेटमध्ये खुपसायचे जे रिपीटर मिळतात त्यातल्या स्वस्तातल्यांचा प्रॉब्लेम असा की एकाच चॅनलवर आधी ऐकायचं आणि मग तेच परत बोलायचं, दोन्ही एका वेळी जमत नाही, त्यामुळं स्पीड सरळ अर्ध्यावर. त्यात लोक तो लावतात नेमका जिथं रेंज येत नाही तिथंच, म्हणजे त्याला मिळतात ६ आणि तो तुम्हाला देतो ३, फक्त रेंजच्या दांड्या फुल्ल दिसतात म्हणून समाधान.

तुमच्या जागी मी असतो तर एक काम केलं असतं, डब्यापासून वरच्या मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढली असती. कंटाळवाणं उत्तर आहे, ड्रिल मारायला लागतं, भिंतीवर केसिंग पट्टी दिसते म्हणून घरात कुरकुर होते, पण एकदा ओढली की तिच्यावर ना भिंतीचा परिणाम ना शेजाऱ्याच्या वायफायचा. दुकानात कॅट ६ मागा आणि "प्युअर कॉपर" म्हणून दोनदा सांगा, स्वस्तातली बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, ती लांबवर ढेपाळते आणि दोनदा वाकवली की तुटते. शंभर मीटरपर्यंत काही अडचण नाही, तुमचं काम वीस-पंचवीस मीटरमध्ये होईल. लाइटच्या वायरच्या पाइपमधनंच घुसवायचा मोह होतो, तसं नाही करायचं, वेगळ्या पट्टीतनं न्या. घराच्या बाहेरनं न्यायची वेळ आली तर बाहेरची काळी जाड कव्हरवाली घ्या, पांढरी निळी उन्हानं दोन-तीन वर्षांत कडक होऊन भेगाळते. आणि खिडकीच्या चौकटीतनं आत घ्यायच्या आधी केबलला बाहेरच्या बाजूला खाली एक झोका सोडा, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरनं ओघळत येऊन त्या झोक्याच्या तळाशी ठिबकेल, नाहीतर तेच पाणी तारेवरनं चालत सरळ तुमच्या भिंतीत आणि तिथनं पोर्टात. भोक पण बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन मारायला सांगा. इलेक्ट्रिशियन लोक हे स्वतःहून करत नाहीत, उभं राहून करून घ्यायला लागतं.

केबल खोलीत आली की लॅपटॉप थेट तिलाच जोडा, मीटिंगच्या टायमाला वायफायचा संबंधच नको. आणि खोलीत मोबाईलला पण पाहिजे असेल तर नवीन राउटर तिथं लावा, एपी मोडमध्ये, म्हणजे नंबर वाटायचं काम जुना डबाच करणार, नवा फक्त वायफाय देणार. मोड मिळाला नाही तर त्याचं डीएचसीपी (नंबर वाटायचं सेटिंग) बंद करा आणि केबल निळ्या वॅन पोर्टात न घालता लॅन पोर्टात घाला. त्याच्या २.४ चं नाव आणि पासवर्ड जुन्या डब्यासारखाच ठेवला तर मोबाईल वरखाली करताना आपला आपण बदलतो, कधीकधी आळस करतो, तेवढं चालायचंच. खाली सासऱ्यांना त्या जुन्या डब्याचे ४० यूट्यूबला भरपूर झाले. म्हणजे खर्च दोनच, एक राउटर आणि केबल.

घर भाड्याचं असतं तर मेश सेट (एकमेकांना जोडून घरभर वायफाय देणाऱ्या यंत्रांचा संच) घ्या म्हटलं असतं, केबल ओढता येत नसेल तिथं ते बरं, पण त्यातली पण दोन यंत्रं एकमेकांना हवेतनंच बोलतात आणि तुमच्या भिंती बघता पैसे जाऊन चरफड होईल.

एवढं सगळं झालं तरी संध्याकाळी आवाज तुटायचा राहिला तर? कारण आवाज तुटणं आणि स्पीड कमी असणं हे दर वेळी एक नसतं. मीटिंगला तुमचा आवाज, तुमचा चेहरा वर जातो, म्हणजे अपलोड. आणि संध्याकाळीच का? तर मिस्टर घरी आले, त्यांचा मोबाईल वायफायला लागला की दिवसभराचे फोटो-व्हिडिओ आपोआप वर चढायला लागतात, सासऱ्यांना आलेले सगळे सुप्रभातचे व्हिडिओ पण बॅकअपला रांगेत, त्यात दारावरचा कॅमेरा क्लाउडवर चालू असेल तर तो चोवीस तास. अपलोडचा रस्ता भरला की तुमच्या आवाजाची पाकिटं रांगेत उभी राहतात, टेस्ट केली तर डाऊनलोड छान दिसतं आणि आवाज मात्र बाटलीत बोलल्यासारखा. खात्री करायची असेल तर मीटिंग नसताना एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला लावा आणि त्याच वेळी पिंग (पाकीट जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते) बघा, एरवी दहा-वीस असलेलं पिंग जर तीनशे-चारशेला गेलं तर हेच दुखणं. इलाज घरच्या घरी, फोटोचा बॅकअप फक्त चार्जिंगला असताना होईल असं लावा आणि मोबाईल रात्री चार्जिंगला लावायची सवय लावा (सवय लावणं अवघड आहे, मला माहितीये). नवीन राउटरमध्ये क्यूओएस म्हणून सेटिंग असतं, तिथं तुमच्या लॅपटॉपला पहिला मान द्या, किंवा एकूण अपलोडला प्लॅनच्या ८५-९० टक्क्यांवर लगाम घाला, रांग होतच नाही मग. एक मात्र आहे, लगाम घालायचा तर घरातलं सगळं नेट त्या राउटरमधनंच जायला पाहिजे, म्हणजे मग तो एपी मोडला नाही तर पहिल्या डब्याला लागूनच राउटर म्हणून लावायचा. आधी बॅकअपचं करून बघा, बहुतेक तेवढ्यानंच भागेल. आणि नेटवाल्याला विचारून घ्या की १०० चा म्हणजे वर जायला पण १०० आहे का, काही प्लॅनला खाली १०० आणि वर त्यापेक्षा बरंच कमी असतं.

लाइटचं पण आहे. इन्व्हर्टर असून सुद्धा लाइट गेली की काही डबे क्षणभर बंद पडून चालू होतात आणि परत नेट येईपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात, मीटिंगमध्ये ती दोन मिनिटं म्हणजे फजिती. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावला की हा प्रकार संपतो. डबा आणि राउटर दोन्ही त्यावर पाहिजेत हं, एकावरच लावून काही उपयोग नाही.

बाकी डीएनएस (साइटच्या नावावरनं तिचा पत्ता शोधून देणारी सोय) बदला, १.१.१.१ टाका, ८.८.८.८ टाका असं कुणी सांगेल, टाका की, साइट उघडायला एखादा क्षण कमी लागेल, डाऊनलोडचा स्पीड त्यानं वाढत नाही. स्पीड बूस्टर नावाची मोबाईल ॲपं तर काढूनच टाका, जाहिराती दाखवण्यापलीकडं काही करत नाहीत. राउटरला चांदीचा कागद लावायचा व्हिडिओ मिस्टरांनी बघितला असेल तर हसून सोडून द्या.

आता दुसरी शक्यता, केबल थेट डब्याला लावून पण आकडा पडेलच आला. सकाळी पण ३०-४० आणि रात्री पण ३०-४० असेल तर वर सांगितलेली ती पॉवर, जोड, पीन, आणि डब्यावर एलओएस नावाचा लाल दिवा (तारेतला उजेड तुटला की पेटतो) मधनं मधनं पेटतो का ते बघा. महिन्याच्या शेवटीच असं होत असेल तर प्लॅनमधला डेटाचा कोटा संपल्यावर स्पीड कापतात तो मामला, बिलावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पण सकाळी ९५ आणि रात्री नऊला २० असेल तर मग तुमच्या घरात काही करून फायदा नाही, नेटवाल्यानं मागनं जेवढं नेट घेतलंय त्यापेक्षा जास्त गिऱ्हाइकं जोडलीत. शेजारच्या दोन घरात त्याचंच कनेक्शन असेल तर त्यांना पण रात्री टेस्ट करायला लावा, तिघांचे स्क्रीनशॉट एकत्र घेऊन तक्रार टाका, फोनवर बोलून सोडायचं नाही, तक्रार नंबर घ्यायचा. उत्तर समाधानकारक नसेल तर ट्रायच्या (फोन-नेट कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमाप्रमाणं कंपनीकडं अपील करायची वेगळी पायरी असते, अपील दाखल करायला ३० दिवसांची मुदत आहे, आणि अपिलाला पैसे लागत नाहीत. अपीलचं नाव काढलं की बऱ्याच ठिकाणी त्या आधीच काम होतं.

पावसाळ्याचं एक सांगायचं राहिलं. काचेच्या तारेला पाण्याचं फारसं काही होत नाही, तांब्यासारखी ती गंजत नाही, वाट लागते ती डब्याची, अडॅप्टरची आणि गल्लीतल्या जोडाच्या पेटीची. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडं निघालं आणि तुम्ही घर सोडायच्या तयारीला लागलात की डबा-राउटर काढून पिशवीत घाला, फायबरची पीन ओढून काढली की तिच्या तोंडाला टोपी घाला, टोपी नसेल तर स्वच्छ प्लास्टिक गुंडाळून रबर लावा, बोटानं तोंड पुसायचं नाही. परत आल्यावर नेट आलं नाही तर तुमचा डबा कोरडा आहे एवढं तरी ठामपणे सांगता येईल, नाहीतर नवीन डब्याचे पैसे तुमच्याकडनंच घेतील.

कंपनी बदलायची वेळ आलीच तर घाई करू नका. आधी शेजारी, समोरच्या गल्लीत विचारा की रात्री नऊला कुणाचं नीट चालतं, कारण अख्ख्या सांगलीत कोण भारी याला काही अर्थ नसतो, विश्रामबागेत जो उत्तम तो गावभागात रडका असू शकतो, सगळं त्या त्या गल्लीतल्या पेटीवर आहे. डिशसारखं लावायचं एअरफायबर कुणी सुचवेल, खोदकाम-केबल काही नको म्हणून बरं वाटतं पण दिवसभर मीटिंग असणाऱ्याला काचेच्या तारेचं फायबर मिळत असेल तर त्याच्यापुढं ते नको, पिंग खालीवर होतं. वर्षाचे पैसे एकदम भरायला लावून सूट देतात, पहिल्यांदा महिन्याचाच घ्या. नवीन चालू झाल्यावर जुनं लगेच तोडू नका, पंधरा-वीस दिवस दोन्ही ठेवा आणि रात्रीचे आकडे बघा. आणि जुन्याचा डबा परत देताना त्यावरचा सीरियल नंबर लिहिलेली पावती घ्यायला विसरू नका, डिपॉझिट त्याच पावतीवर मिळतं.